घंटा खालच्या मजल्यावर

तोशिबा ही जपानी कंपनी २० डिसेंबर २०२३ रोजी टोकियोच्या शेअर बाजारातून बाहेर पडली. मूळ १८७५ सालची, बाजारात चौऱ्याहत्तर वर्षं नोंद असलेली कंपनी. डोंबिवलीतल्या एका निवृत्त बाईला त्याचं काय, असं कोणीही म्हणेल. तोशिबाचा शेअर सोडा, त्यांचा साधा टीव्हीही आमच्या घरात कधी आला नाही. पण ती बातमी वाचली आणि एका माणसाची आठवण झाली. माझ्या डोक्यावर त्याचं मोठं ऋण आहे, आणि जपानी कंपन्या कशाने आजारी पडतात हे त्याने मला या बातमीच्या किती तरी आधी, वागळे इस्टेटमध्ये एका उपड्या क्रेटवर बसून सांगितलं होतं.

त्यांचं नाव लिहीत नाही. कारखान्यात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. येऊन आठ दिवस होत नाहीत तोच प्रेसवरच्या पोरांनी त्यांचे आजोबा करून टाकले. साठी उलटलेली, डोक्यावर चांदी, चाल मात्र तुरुतुरु. तेव्हा जेओडीसी नावाची एक जपानी संस्था निवृत्त इंजिनिअरांना आमच्यासारख्या देशांतल्या कारखान्यांत सल्लागार म्हणून पाठवत असे. आमच्या शेठनी कुठून तरी तिचा पत्ता काढला, अर्ज केला आणि हे गृहस्थ दोन सुटकेस घेऊन ठाण्याला येऊन पोचले.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. महामंडळ १९६२चं, वसाहतही त्याच सुमाराची. आतल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथल्या एका प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्शनला लागले. पॅकिंगला बायका होत्या, मशिनवर एकही नव्हती, इन्स्पेक्शनला मी एकटी. डोंबिवलीहून ठाणे लोकलने, पुढे बस. पर्समध्ये कंगव्याशेजारी व्हर्नियर, कारण टूलरूममध्ये ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. आम्ही गाड्यांचे छोटे दाबकाम केलेले भाग बनवायचो: ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला माल देणारा कारखाना, म्हणजे साखळीतली शेवटून दुसरी कडी. डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतर दहा वर्षांत देशभरच्या अशा कड्यांना एकदम कळलं की आता माल 'चालून जाईल' असा चालणार नाही.

जपानी पद्धत म्हणजे तोवर आमच्याकडे भिंतीवरचे फलक. डेमिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १९५०मध्ये जपानात जाऊन व्याख्यानं दिली, पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं, १९६२पासून इशिकावांच्या पुढाकाराने गुणवत्ता मंडळं उभी राहिली, हे सगळं मला डिप्लोमाच्या पुस्तकातून पाठ होतं. ते पाठ असून शॉप फ्लोअरवर काडीचा उपयोग नव्हता. आमच्याकडे फाइव्ह एसचा, म्हणजे नीटनेटकेपणाच्या नियमांचा, फलक इतका उंच लावला होता की पुसायलाही कोणी चढत नसे.

आजोबांनी फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खडू मागितला, चार नंबरच्या प्रेससमोर जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि प्रॉडक्शन मॅनेजरना त्यात उभं राहायला सांगितलं. टोयोटाचे ताइची ओनो असंच करत. उभं राहायचं, बघायचं, बोलायचं नाही. मॅनेजर दहा मिनिटांत फोन आल्याचं निमित्त करून निघून गेले ते परत आलेच नाहीत. मग आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. दुपारपर्यंत उभी होते. पाय भरून आले, पोरं हसत होती, आणि अकराच्या सुमाराला मला दिसलं की ऑपरेटर दर तिसऱ्या-चौथ्या जॉबनंतर डाव्या हाताने पट्टी किंचित मागे ढकलतो. तिथला स्टॉपर झिजला होता. तो हातानेच भरपाई करत होता आणि हे तो कोणाला बोलला नव्हता, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, आजोबांनी माझ्यावर मेहरबानी केली ती त्या दिवसापासून. मेहरबानी म्हणजे लाड नव्हेत. रोज सकाळी नवा प्रश्न, आणि उत्तर कागदावर नाही, मशिनपाशी नेऊन दाखवायचं. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं. दोघांचं बोलणं जास्त करून गेज आणि पेन्सिल यांच्यावर चालायचं.

मग घंटा आली. एका संध्याकाळी मला आणि टूलरूमच्या फिटरला बरोबर घेऊन आजोबा जांभळी नाक्याला गेले आणि भांड्यांच्या दुकानातून देवळात टांगतात तसली पितळी घंटा घेऊन आले. सगळ्या प्रेसवरून नायलॉनची दोरी नेली आणि टोकाला ती घंटा बांधली. नियम सोपा होता. काही वेगळं दिसलं, वेगळं ऐकू आलं, तर ज्याला दिसलं त्याने दोरी ओढायची. हेल्पर असला तरी चालेल. घंटा वाजली की ती प्रेस थांबणार, आणि मी आणि सुपरवायझरने हातातलं काम टाकून तिथं जायचं.

कित्येक आठवडे ती घंटा वाजली नाही. "नवस बोलून वाजवायची का हो ही?" असं पोरं विचारत. त्यांचं चुकत नव्हतं. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या काळातले संप ठाण्यात सगळ्यांच्या आठवणीत होते. मशिन थांबवणं म्हणजे एक तर संप नाही तर चार्जशीट, तिसरा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. शेवटी कळव्याहून येणाऱ्या एका हेल्परने दोरी ओढली. भोक एका बाजूला सरकत होतं. सुपरवायझर तणतणत आला. आजोबा त्याच्या आधी पोचले होते. कोणी केलं, हे त्यांनी विचारलं नाही. डाय शेवटची केव्हा बसवली, ते विचारलं. लोकेटिंग पिन ढिली निघाली. मग आजोबा त्या पोरासमोर कमरेत वाकले, आभार मानायला. पोराला काही सुचेना, तोही वाकला, आजोबांच्या पाया पडायला. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली आणि अख्खा मजला हसला. त्यानंतर घंटा वाजू लागली.

माझी परीक्षा महिनाअखेरीला झाली. ब्रॅकेटच्या एका मोठ्या लॉटमध्ये कडेला बर, म्हणजे कापताना राहणारी धातूची बारीक कोर, येत होती. हाताला लागेल इतकी नाही, पण गेजमध्ये अडकेल इतकी होती. मी लाल टॅग लावला. बाहेर ट्रक उभा, चलन तयार. मॅनेजर म्हणाले, "बाई, तुम्ही सही करा, पुढचं मी बघतो." कारखान्यात ज्यांनी काम केलंय त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल. पुढचं कधीच कोणी बघत नाही. मी सही केली नाही, आणि नोकरी जाणार हे धरूनच चाललेय तोवर आजोबा आले. एक क्रेट उपडा घातला, त्यावर बसले आणि गो-नो-गो गेज घेऊन एक एक ब्रॅकेट तपासायला लागले. मॅनेजरना एका शब्दाने बोलले नाहीत. साठी उलटलेला परदेशी पाहुणा जमिनीवरच्या ढिगातून जॉब निवडतोय म्हटल्यावर कोण घरी जाणार? फिटर बसला, पोरं बसली, थोड्या वेळाने शेठही खाली येऊन उभे राहिले.

रात्र झाली. मी घरी फोन करून वडिलांना बोलावून घेतलं. माझे वडील कावेसरच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणजे गुडलास नेरोलॅकमधून. त्या कंपनीत १९८६मध्ये ओसाकाच्या कान्साई पेंटने भागीदारी घेतली होती, त्यामुळे जपानी माणूस वडिलांना अगदीच अनोळखी नव्हता. ते आले, त्यांनी बघितलं, बुशशर्टच्या बाह्या वर केल्या आणि तेही एका क्रेटवर बसले. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चहा मात्र त्यांनी एकाच किटलीतला घेतला.

त्याच रात्री कळव्याच्या त्या पोराने विचारलं, "आजोबा, एक घंटा वर शेठच्या केबिनमध्ये पण लावा ना!" शेठ समोर होते, सगळे गप्प झाले. मी चाचरत त्याचं इंग्रजी केलं. आजोबा मोठ्याने हसले. मग बराच वेळ गेज फिरवत राहिले आणि म्हणाले, आमच्याकडेही वर घंटा नाही.

पुढे तुकड्यातुकड्यांनी त्यांनी ते समजावून सांगितलं. ते ज्या कंपनीत उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत होते ती कॅसेट प्लेअरचे यांत्रिक भाग बनवायची. त्यांच्या मजल्यावर कोणीही पोरगा लाइन थांबवू शकायचा. वर्षाला शेकडो सुधारणा व्हायच्या, स्प्रिंग बारीक, गिअर हलका, आवाज कमी. आणि वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं की सीडी आलीय, कॅसेट जाणार. पण ते बैठकीत म्हणायचं कोणी? त्यांच्या मोठ्या कंपन्यांत प्रस्तावाचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येक जण शिक्का मारतो. बैठकीच्या आधीच सगळ्यांशी बोलून मतं जुळवलेली असतात, बैठक नुसती मान डोलवायला. ही रीत वाईट नाही. एकदा ठरलं की सगळे एका दिशेने ओढतात, मध्येच कोणी दोरी सोडत नाही. पण कागदावर सात शिक्के असले की चूक कोणाचीच नसते, आणि ज्याने तीस वर्षांपूर्वी तुम्हाला नोकरीत घेतलं त्याच्या लाडक्या कारखान्याला कुलूप लावा असं त्याच्या तोंडावर सांगणं जपानात केवळ उद्धटपणा नव्हे, कृतघ्नपणा ठरतो. आम्ही एक गोष्ट इतकी उत्तम करत गेलो की ती कोणाला नकोशी झाली तरी थांबलो नाही, असं ते म्हणाले. त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं वाटलं. टोकियोच्या निक्केई निर्देशांकाने १९८९च्या २९ डिसेंबरला जी उंची गाठली होती, ती पुन्हा दिसायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

आजोबा परत गेले, पण जाण्याआधी त्यांनी शेठकडे हट्ट धरून माझं नाव एओटीएसच्या प्रशिक्षणासाठी घालायला लावलं. १९५९पासून परदेशी तंत्रज्ञांना जपानात बोलावून शिकवणारी ही संस्था. लग्नाची मुलगी एकटी जपानला, यावर घरात जे व्हायचं ते झालं. आई रडली, आत्या बोलली. वडील म्हणाले, "त्या माणसाबरोबर मी रात्रभर ब्रॅकेट मोजलेत. जाऊ दे तिला." हे आजोबांचं सरळ ऋण. त्या प्रशिक्षणावर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली.

ओसाकाला असताना एका रविवारी आजोबा मला त्यांच्या धाकट्या भावाच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. हिगाशी-ओसाका हा भाग अशा छोट्या कारखान्यांनी भरलेला. खाली मशिन, वर घर. आपल्या डोंबिवलीच्या फेज वनमधला गाळा उचलून तिथं ठेवला तर शेजाऱ्यांना कळणार नाही. भाऊ स्प्रिंगा वळायचा, वहिनी हिशेब ठेवायची. माल नाकारला गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मुलगा टोकियोत शेअर दलालीच्या कंपनीत. गाळ्यात येणार का, विचारल्यावर वहिनींनी मला आणखी एक संत्रं सोलून दिलं.

वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९९७ला, यामाइची सिक्युरिटीज बुडाली. देशातली चौथी मोठी शेअर दलाली कंपनी, शंभराव्या वर्षात. वरच्यांनी तोट्याचे आकडे कित्येक वर्षं इकडून तिकडे फिरवून लपवले होते आणि हजारो नोकरदारांना ते बातम्यांतून कळलं. अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर रडले, कर्मचाऱ्यांचा दोष नाही म्हणाले. आजोबांचा पुतण्या दुसऱ्या कंपनीत होता, तो वाचला. पत्रात त्यांनी यामाइचीबद्दल लिहिलं होतं आणि खाली पेनने एक घंटा काढली होती. तिच्यावर फुली.

त्यांची पत्रं काही वर्षांनी थांबली. मग वहिनींचं एक कार्ड आलं, काळ्या किनारीचं. त्यानंतरच्या गोष्टी मी त्यांच्या वतीने बघत आले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण बघितल्या त्यांच्या डोळ्यांनी. ऑलिम्पसमध्ये २०११ साली नव्या अध्यक्षाने, मायकेल वुडफर्डने, हिशेबातल्या विचित्र व्यवहारांबद्दल विचारणा केली, तर त्यालाच घालवलं. तोशिबात २०१५मध्ये उघड झालं की सात वर्षं नफा फुगवून दाखवला जात होता. चौकशी समितीने जे कारण दिलं ते वाचताना मी उठून बसले. अध्यक्ष खालच्या विभागांना 'आव्हान' म्हणून अशक्य आकडे द्यायचे, आणि वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध बोलायची रीतच कंपनीत नव्हती. कोबे स्टीलने ऑक्टोबर २०१७मध्ये कबूल केलं की अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे तपासणी आकडे बदलून तो सुमारे पाचशे कंपन्यांना पाठवला गेला. तिथं माझ्यासारखी कोणी इन्स्पेक्टर असेलच ना? तिला कोणी तरी म्हटलं असेल, सही करा, पुढचं मी बघतो.

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते दाइहात्सूचं. टोयोटाच्या घरातली कंपनी, म्हणजे लाइन थांबवायची दोरी ज्यांनी जगाला शिकवली त्यांच्याच. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या चौकशी समितीने सांगितलं की सुरक्षा चाचण्यांत लबाडी झाली, चौसष्ट मॉडेलांत, आणि सर्वांत जुनं प्रकरण थेट १९८९चं. कारण? नवी गाडी काढण्याची मुदत इतकी आवळलेली की चाचणीत नापास व्हायला वेळच ठेवला नव्हता. चाचणी करणाऱ्याने तक्रार वर नेली तरी उत्तर ठरलेलं, कसं तरी बसवा. बोल्टाचा आटा चुकला तर लाइन थांबवायची मुभा आणि मुदत चुकते म्हणायची मुभा नाही, हा मला आजच्या जपानी व्यवस्थापनाचा मूळ आजार वाटतो. लोक म्हातारे होत चाललेत, बाजार आटतोय, चीनच्या विजेच्या गाड्या अंगावर येतायत, हे सगळं खरं आहे. पण त्या अडचणी बाहेरच्या आहेत, आणि त्यांची खबर वेळेत वर जात नाही ही आतली.

ज्याने ती खबर वर नेली तो उभा राहिला, याचंही उदाहरण आहे. हिताचीला मार्च २००९ला संपलेल्या वर्षात ७८७ अब्ज येनचा तोटा झाला, तोवर कुठल्याही जपानी कारखानदार कंपनीला झाला नव्हता एवढा. उपकंपनीत बाजूला काढलेले ताकाशी कावामुरा, वय वर्षं एकोणसत्तर, यांना परत बोलावून प्रमुख केलं. त्यांनी आणि पुढच्यांनी जे धंदे लाडके पण मरायला टेकलेले होते ते एकेक विकले, शेअर बाजारात वेगळ्या नोंदलेल्या वीसहून अधिक उपकंपन्या होत्या त्या विकून वा आत घेऊन संपवल्या. आजोबा ज्याला कृतघ्नपणा म्हणत, तो त्या माणसाने केला. बरं झालं केला.

भारतात हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. दाइइची सांक्यो या जपानी औषध कंपनीने २००८मध्ये साडेचार अब्ज डॉलरहून जास्त मोजून रॅनबॅक्सी घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या दोन कारखान्यांचा माल अडवला. शेवटी कंपनी सन फार्माकडे गेली. घेण्याआधी खालच्या प्रयोगशाळेत जाऊन कोणी उभं राहिलं असतं तर? जपानच्याच डोकोमोने टाटांबरोबर मोबाइलचा धंदा मांडला आणि तो लवादाच्या निकालापर्यंत जाऊन संपला. उलट, वडिलांच्या कंपनीची गोष्ट बघा. कान्साईने १९९९मध्ये टाटा गटाचा वाटा घेऊन ताबा मिळवला, २००६मध्ये नाव कान्साई नेरोलॅक झालं, पण चालवायला माणूस इथलाच ठेवला. एच. एम. भारुका वीस वर्षं व्यवस्थापकीय संचालक होते. गाडीचा रंग कसा बसतो हे ओसाकाला ठाऊक आणि दिवाळीआधी घराला रंग कोणत्या गावात काय भावाने जातो हे इथल्याला ठाऊक. ही वाटणी साधी आहे, तरी फार थोड्या जपानी कंपन्यांना जमली. बाकीच्यांकडे अजून इथला मॅनेजर मान डोलावतो, मेल टोकियोला जातो आणि उत्तर येईतो गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं.

कावेसरचा तो कारखाना मात्र गेला. त्याची जमीन २०२३मध्ये शेकडो कोटींना बिल्डरला विकली. त्याच वर्षी टोकियोच्या शेअर बाजाराने आपल्या कंपन्यांना बजावलं होतं की नुसती मालमत्ता दाबून बसू नका, भांडवलाचा उपयोग दाखवा. त्याचा आणि घोडबंदर रोडच्या या जमिनीचा थेट संबंध मी जोडत नाही, पण वारा तोच आहे. वडील असते तर त्यांना वाईट वाटलं असतं. मला फारसं वाटलं नाही. पडीक ठेवून हळहळण्यापेक्षा बरं. वागळे इस्टेटमधला आमचा गाळाही आता नाही, तिथं काचेची इमारत आहे आणि आत कॉम्प्युटरवर बसणारी मुलं.

पण एक गोष्ट मला अजून सलते. हिगाशी-ओसाकाच्या त्या भावाने वर्कशॉप बंद केलं, नफ्यात असताना, कारण पुढे चालवणारं कोणी नव्हतं. जपान सरकारचाच अंदाज होता की २०२५पर्यंत सत्तरी ओलांडलेल्या छोट्या उद्योजकांपैकी सव्वाबारा लाखांहून जास्त जणांचा वारस ठरलेला नसेल. मोठ्या जपानी कंपनीचा नट-बोल्ट अशाच गाळ्यातून येतो. गाळा बंद पडला की त्या हाताबरोबर स्प्रिंग वळायची अक्कल जाते, ती कुठल्या कागदावर नसते. डोंबिवली एमआयडीसीत मी निवृत्तीनंतर दोन-तीन छोट्या कारखान्यांत इन्स्पेक्शनच्या मुलींना शिकवायला जाते. तिथले मालक माझ्याच वयाचे. मुलगा बंगळुरूला, मुलगी कॅनडात. "ताई, अजून पाच वर्षं बघू," म्हणतात. मी त्यांना हिगाशी-ओसाका सांगते. कारखाना नात्यात द्यायचा हट्ट सोडा, सुपरवायझरला भागीदार करा, असं स्पष्ट सांगते. एकाने केलंय. बाकीचे चहा मागवतात.

कल्याण-शीळ रस्त्याने आता जाताना शिळफाट्याला बुलेट ट्रेनचं काम दिसतं. सप्टेंबर २०१७मध्ये अहमदाबादला भूमिपूजन झालं, ५०८ किलोमीटरचा मार्ग, बहुतांश पैसा जपानच्या कर्जाचा, व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षं. बीकेसीपासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात ठाण्याच्या खाडीखालून. घणसोली ते शिळफाटा हा पाच किलोमीटरच्या आतबाहेरचा तुकडा सप्टेंबर २०२५मध्ये आरपार झाला. २०२३ला धावायची होती ती गाडी अजून यायचीय. जमिनीला वेळ लागला तो आपला दोष. पण जपानी गाड्यांच्या वाटाघाटी लांबत गेल्या तेव्हा ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या रेल्वेने ताशी २८० किलोमीटरच्या दोन गाड्यांची ऑर्डर बंगळुरूच्या बीईएमएलला देऊन टाकली. शिंकान्सेन १९६४पासून धावतेय, त्यांची गाडी उत्तम आहे याबद्दल वाद नाही. उत्तम गोष्ट उशिरा पोचली की गिऱ्हाईक पुरेशी चांगली गोष्ट घेतं. गोष्ट उत्तम असली तरी गिऱ्हाईक थांबत नाही, हे आजोबांनी कॅसेटच्या बाबतीत पाहिलं होतं.

तुमच्या घरातलं कोणी त्या बोगद्यावर, नाही तर ठाणे-डोंबिवलीच्या कुठल्या जपानी भागीदारीतल्या कंपनीत कामाला असेल, तर त्यांना एक विचारा. काम मागे पडतंय हे खालच्या माणसाला कळल्यापासून ते टोकियोतल्या माणसाला कळेपर्यंत मध्ये किती दिवस जातात? उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.